गाव्रिचांच्या घरचा मान

"पेन्शन आणलीस का?"

तिहोमिर म्हाताऱ्याने फाटकाच्या आतूनच विचारलं. कडीला हातसुद्धा लावला नाही.

"आज रविवार आहे, कूम," रादोयका म्हणाली. "रविवारी कसली पेन्शन!"

"मग पोस्टवाली कशाला आली माझ्या दारात?"

रादोयकाच्या एका हातात फडक्यात गुंडाळलेला मोठा गोल पाव होता, पहाटे उठून भाजलेला. दुसऱ्या हातात नक्षीची लाकडी सुरई, तिच्या गळ्याला रोझमेरीची डहाळी बांधलेली, आत घरच्या प्लमची दारू, राकिया. हे दोन जिन्नस घेऊन रविवारी सकाळी कुणी कुणाच्या दारात उभं राहिलं की ते कशासाठी, हे द्रेनोवा गावात सांगावं लागत नाही. लग्नाचं पहिलं बोलावणं कूमला. आधी कूम, मग बाकीचं जग. बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतो तो कूम, आणि तेच बाळ मोठं होऊन चर्चमध्ये लग्नाला उभं राहिलं की मेणबत्ती घेऊन त्याच्या पाठीशी उभा राहतो तोही कूमच. हा मान घराचा असतो, बापाकडून लेकाकडे जातो. रादोयकाच्या सासरचे कूम पाच पिढ्या गाव्रिचच. नातं असं की दोन्हीकडची माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. तो कूम, ती कूमा. आज म्हातारा तिला पोस्टवाली म्हणाला. थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं, असं तिला झालं.

"उरोशचं लग्न ठरलंय," ती म्हणाली. "सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी. पहिलं बोलावणं तुम्हाला."

"पहिलं?" म्हातारा हसला. हसणं कसलं, खोकलाच तो. "पहिलं बोलावणं मी मंगळवारी दुकानात बघितलं. दुकानवालीच्या फोनवर. फुलं काय, कबुतरं काय! आणि खाली छापलेलं, कूम म्हणून कोणी बोयान. कसा आहे गं दिसायला? दात शाबूत आहेत ना सगळे?"

"चूक झाली पोरांची. मी पाया पडते."

"पाया कशाला पडतेस? पत्रं वाट. तुला त्याचा पगार मिळतो."

तो वळला आणि काठी टेकत घरात गेला. रादोयका पाव आणि सुरई घेऊन तिथेच उभी राहिली. समोरच्या घराची खिडकी किलकिली झाली, मग मिटली. म्हणजे दुपारपर्यंत गावभर होणार. तिने पाव मोपेडच्या पेटीत नीट ठेवला, सुरई मांडीत धरली आणि किक मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते वाऱ्याने आलं असंही म्हणता आलं असतं.

घरी येऊन तिने आधी लिंत्सला फोन लावला.

उरोश तिचा एकुलता एक. ऑस्ट्रियात घरांना गरम पाण्याचे पाइप बसवतो. ईस्टरला आला तो दुन्याला घेऊनच. ती तिकडेच दातांच्या दवाखान्यात कामाला, क्रागुयेवात्सची मुलगी, बोलायला मोकळी. रादोयकाने तिच्या बोटात सासूची अंगठी घातली, सगळी रडली, जेवली, आणि सोमवारी पोरं परत गेली. मे महिन्यात त्यांनी फोनवरच एक पत्रिका तयार केली.

"अगं, लिंत्सच्या दोस्तांना पाठवली होती फक्त," उरोश म्हणाला. "कुणीतरी पुढे ढकलली. आता काय करू?"

"काय करू? कूमला विचारायच्या आधी कूमचं नाव छापतं का कुणी? अक्कल तिकडे पाइपात घातलीस का?"

"आई, झोरानकाका गेला. मेलेल्या माणसाला कसं उभं करू मी चर्चमध्ये? आणि त्याचा म्हातारा बाप ऐंशीचा. बोयान रोज माझ्या सोबत काम करतो, माझ्यासाठी जीव टाकतो..."

"बोयान चांगला असेल. मी कुठे वाईट म्हणाले? पण तू पंधरा दिवसांचा होतास, छाती भरलेली, डॉक्टरीण म्हणाली रात्र काढेल की नाही सांगता येत नाही. कमरेएवढा बर्फ. तेव्हा पाद्रीबुवांना ट्रॅक्टरवर घालून शहराच्या इस्पितळात कुणी आणलं? बोयानने? झोरानने तुला हातावर घेतलं, नाव दिलं. तुझा बाप गेला त्या हिवाळ्यात न सांगता दोन गाड्या लाकडं कुणी आणून टाकली? चहालासुद्धा थांबला नाही तो."

मग फोनवर दुन्या आली.

"आई, पत्रिका मी केली होती. ह्याच्यावर ओरडू नका. आमची आजी असती तर तिने मला झाडूने घराबाहेर काढलं असतं. बोयानचं नाव मी आत्ता काढते. पण म्हातारबाबा नाहीच म्हणाले तर?"

"ते माझ्यावर सोड," रादोयका म्हणाली.

सोडलं खरं तिच्यावर. पण काय करायचं ते तिला तरी कुठे माहीत होतं! कूमचा मान दुसऱ्याला द्यायचा तर कूमनेच आशीर्वाद देऊन तो सोडावा लागतो. त्याने ना उभं राहायचं, ना सोडायचं ठरवलं तर लग्न अडतं. कायद्याने अडत नाही, पण द्रेनोवात अडतं. लोक कूमच्या शापाबिपाला भितात. रादोयका शापाला भीत नव्हती. तिला लाज वाटत होती, आणि लाज तिला कधीच सोसली नाही.

जून गेला, जुलै आला. कामं थोडी नव्हती. हॉल ठरला. तुतारीवाले ठरले, त्यांच्या म्होरक्याने मिशीला पीळ देत तीनदा भाव वाढवला आणि रादोयकाने तीनदा खाली आणला. मातीच्या हंड्यांत रात्रभर शिजणाऱ्या कोबी-मटणासाठी शेजारच्या गावच्या दोन आचारणी पक्क्या केल्या. दोनशे पाहुण्यांच्या छातीवर टाचायला दोनशे रोझमेरीच्या डहाळ्या, दिरांना सदरे, आत्यांना टॉवेल. सकाळी सातला ती मोपेडवर बसायची, डोंगरावरच्या साठ घरांना टपाल वाटायची आणि दर फाटकाशी लग्नाचं एक काम उरकायची. याच्याकडून हंडे, त्याच्याकडून बाकं. सगळे द्यायला तयार. आणि सगळे जाता जाता विचारायचे, "कूमचं काय झालं?"

"होतंय," ती म्हणायची.

दहा तारखेला पेन्शन घेऊन ती तिहोमिरकडे गेली. पेन्शनला फाटक उघडावंच लागतं, सही हवी असते. म्हातारा ओसरीवर बसला होता. त्याने अक्षर अक्षर लावत सही करायला घेतली.

"कूम, मी सरळ विचारते. तुम्हाला उभं राहवत नसेल तर तसं सांगा. आशीर्वाद द्या, पोरगं दुसरा बघेल. राग ठेवू नका."

"नाही देणार."

"मग उभे राहा."

"चर्चमध्ये दीड तास? मला संडासात दहा मिनिटं बसवत नाही." त्याने पेन खाली ठेवलं. "ऐक, पोस्टवाली. माझ्या बापाने तुझ्या सासऱ्याच्या मागे मेणबत्ती धरली. मी तुझ्या नवऱ्याच्या मागे धरली. झोरान उरोशच्या मागे धरणार होता. आता मी सही करून द्यायची की गाव्रिच संपले, घ्या दुसरा? ते मी माझ्या तोंडाने म्हणणार नाही. मी मेल्यावर म्हणा, मेल्यावर काय वाट्टेल ते करा."

"झोरानची मुलगी आहे की."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम दगड झाला. "ती त्या बाईची. वर्षाचं कार्यसुद्धा झालं नव्हतं माझ्या पोराचं, तर पोरीला उचलून निघाली शाबात्सला. दुसरं लग्न केलं. पोरीला त्या नवऱ्याचं आडनाव लावलं. अख्ख्या गावाला माहीत आहे. तिच्या अंगात गाव्रिच काय राहिलंय?"

रादोयकाने पैशांची पिशवी बंद केली. मग नेहमीसारखं "येते" म्हणाली आणि निघाली.

चढावर मोपेड धापा टाकायला लागली तेव्हा तिने ती बंद केली आणि रस्त्याच्या कडेला बसली. समोर प्लमच्या बागा होत्या. तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

कारण आडनावाचं खरं तिला माहीत होतं. सहा वर्षं माहीत होतं.

झोरान मार्चमध्ये गेला, कामावर छातीत कळ येऊन. शरदात सून स्लाव्हित्सा तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन शाबात्सला गेली. आणि डिसेंबरात, संत निकोलाच्या सणाला, गाव्रिचांच्या कुळाचा तो सण, शाबात्सहून कार्ड आलं. रादोयकाने ते फाटकाशी पुढे केलं. "शाबात्सचं आहे," ती म्हणाली. म्हाताऱ्याने हात मागे घेतला. "त्या बाईचं असेल तर परत." रादोयकाने पाकिटावर 'नाकारलं' लिहिलं, तारीख घातली, सही केली, परत पाठवलं. पुढच्या डिसेंबरात तेच. सहा डिसेंबर, सहा पाकिटं. आणि दर पाकिटाच्या मागे पाठवणारीचं नाव असायचं, बापासारख्या डावीकडे कलणाऱ्या अक्षरात. नेवेना गाव्रिच. आईचं नाव नव्हे, सावत्र बापाचंही नव्हे.

सांगायला काय झालं होतं तिला? एक वाक्य. "कूम, हे पोरीचं आहे आणि नाव तुमचंच लावते ती." पण रादोयकाला एक गर्व होता, आयुष्यात तेवढाच. पत्रवाली कुणाचं पत्र कुठून आलं ते तोंडातून काढत नाही. कुणाला कोर्टाची नोटीस आली, कुणाला जर्मनीहून बाईचं पत्र आलं, सत्तावीस वर्षांत तिने एका शब्दाने कुठे सांगितलं नव्हतं, आणि लोक तिला त्यासाठी मानायचे. त्या गर्वापायी ती मूग गिळून बसली. गावाने आडनावाची कंडी पिकवली तेव्हाही गप्प. नियम पाळला की आपलं चुकलं नाही, असं तिला वाटत राहिलं.

"मेले, नियम पाळत होतीस होय!" ती मोठ्याने म्हणाली. बागेतल्या एका माणसाने वर बघितलं.

आधी म्हाताऱ्याला सांगावं असं तिला एकदा वाटलं. पण पोरीने आता पाठ फिरवली असेल तर? त्याला आशा लावून परत उपाशी ठेवायचं ते पाप नको. तिने शनिवारची सुट्टी टाकली, फडक्यात नवा पाव बांधला, सुरई भरली आणि शाबात्सची बस धरली. पत्ता शोधावा लागला नाही, तो तोंडपाठ होता.

दार स्लाव्हित्साने उघडलं. केस कापलेले, हाताला पीठ. तिने रादोयकाला बघितलं, मग सुरईकडे बघितलं.

"तू?" ती म्हणाली. "सहा वर्षं पत्रं परत येतात, आणि त्यावर सही कुणाची? तुझी. आणि आता पाव घेऊन आलीस?"

"हो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच आले."

स्लाव्हित्सा बाजूला झाली. स्वयंपाकघरात तिने कॉफी टाकली, पाठ करूनच बोलत राहिली. "लोक म्हणतात वर्ष व्हायच्या आत गेली. मी रडले तर म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचे, माहीत आहे तुला? आणि तो त्याच्या खोलीत रेडिओ मोठा लावायचा, मला ऐकू जाऊ नये म्हणून. सहा महिने आम्ही तिघं एका घरात आणि एक शब्द नाही. पोरगी मधल्या खोलीत बसायची. तिला घेऊन नसते गेले तर तीही हातची गेली असती."

"आडनावाचं..."

"आडनाव मी कधी बदललं नाही. तुमच्या गावाने बदललं."

नेवेना आली तेव्हा दुपार झाली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, उंच, खांदे झोरानचे. तिने टेबलावरची सुरई बघितली आणि दारातच थांबली.

"बाबा ही घेऊन जायचे लोकांकडे," ती म्हणाली. "कुणाचं लग्न?"

"उरोशचं. आणि मी कूमला बोलवायला आले."

"आजोबांना विचारलंत?"

"आजोबा म्हणतात गाव्रिच संपले."

पोरीचे कान लाल झाले. ती खुर्चीवर बसली. "मी तेरा वर्षांची होते तेव्हापासून लिहितेय. दर सणाला. पाकीट परत आलं की मी ठरवायची, आता नाही. आणि डिसेंबर आला की परत बसायची लिहायला. आई हसायची मला."

"हसत नव्हते," स्लाव्हित्सा म्हणाली.

"सातवं नाही लिहिणार मी, काकू. तुमच्यावर राग नाही. पण आजोबांना मी हवी असेन तर त्यांनी बोलवावं. त्यांच्या बोलावण्याशिवाय मी मेणबत्तीला हात लावणार नाही."

रादोयकाने मान हलवली. पोरीचं बरोबर होतं. पाव तिथेच ठेवून ती संध्याकाळच्या बसने परतली.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी थांबलीच नाही, कडी स्वतः काढली आणि ओसरीवर जाऊन म्हाताऱ्यासमोर बसली.

"दर डिसेंबरात कार्ड येत होतं ते स्लाव्हित्साचं नव्हतं," ती म्हणाली. "नेवेनाचं होतं. पाकिटामागे नाव असायचं, नेवेना गाव्रिच. मी सहा वेळा वाचलं आणि तुम्हाला सांगितलं नाही."

तिहोमिर तिच्याकडे बघत राहिला. त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"वाचलंस? आणि गप्प बसलीस?"

"तुम्ही हात मागे घेतलात. मी नाकारलं असं लिहिलं. तसा नियम आहे."

"नियम!" काठी ओसरीवर आपटली. "माझी नात मला लिहीत होती आणि तू नियम... चालती हो. ऊठ, माझ्या घरातून चालती हो!"

"नाही होणार."

"काय?"

"आज मला सुट्टी आहे. बसणार आहे मी इथे. चूक माझी आहे, शिव्या घाला, संध्याकाळपर्यंत घाला. पण तुम्हीसुद्धा सहा वर्षांत एकदाही पाकीट उलटून बघितलं नाहीत, कूम. एवढं जड होतं का ते?"

म्हातारा उठला. आत गेला. रादोयका बसून राहिली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. अंगणात कोंबड्या उकरत होत्या. ऊन ओसरीवर चढलं आणि उतरायला लागलं तेव्हा तो दारात आला. डोळे लाल होते.

"अक्षर कसं आहे तिचं?"

"झोरानसारखं. डावीकडे पडतं."

"त्याला शाळेत मार बसायचा त्यावरून." तो टेकला. "मोठी झाली असेल."

"उंच झालीय. नर्सिंग शिकतेय. ती म्हणते, तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही."

"मुलगी कूम म्हणून उभी राहते का?"

"पाद्रीबुवांना विचारलं मी. चालतं. पण तुम्हाला चालत नसेल तर तसं सांगा, मी परत जाऊन तिला तसंच सांगते."

तो हाताच्या तळव्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "पिशवीत कार्ड आहे का तुझ्या, कूमा?"

रादोयकाला एकदम हुंदका आला. तिने तो खोकल्यात घातला आणि पिशवीत हात घातला. सुट्टीच्या दिवशीही पिशवी तिच्या खांद्यावर होती, सवयच तशी. त्याने चार ओळी लिहायला तास घेतला. तिने वाचल्या नाहीत. पाकीट त्याने स्वतः चिकटवलं.

"रजिस्टर कर. पोचपावतीसकट."

"करते."

"आणि परत आलं तर?"

"परत आलं तर मीच घेऊन येईन. आणि सांगेनही. ह्यापुढे मी तुम्हाला सगळं सांगणार आहे."

सहा दिवसांनी पोचपावती आली. गुलाबी, बोटभर रुंदीची, तिच्यावर सही. रादोयका ती घेऊन इतर कुठेही न थांबता वर गेली. तिहोमिरने ती उजेडाकडे धरली, डोळ्याजवळ नेली.

"घेतलं म्हणजे येणार असं नाही," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिने सोडून दिलं होतं.

ऑगस्ट सरला, शाबात्सहून काही नाही. फोन नाही, ओळ नाही. पाद्रीबुवांनी नोंदवही उघडली. "कूमचं नाव सांगा, रादोयका. आता थांबता येणार नाही."

"नेवेना गाव्रिच."

"तिने होकार दिला?"

"लिहा तुम्ही."

"अहो, पण होकार..."

"बुवा, मी दोनशे माणसांचा कोबी सांगितलाय. लिहा."

त्यांनी लिहिलं. उरोश गुरुवारी आला, सोबत दुन्या आणि बोयान. बोयान लाजाळू, हातांना काम लागलं की खूश. आल्या आल्या त्याने बाकं उचलायला सुरुवात केली. रात्री जेवताना उरोशने ताट बाजूला सारलं.

"आई, पोरगी आली नाही तर?"

"तर आपण चौघं जाऊन म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणू."

"मी मागचे दोन पाय धरतो," बोयान म्हणाला. "नाहीतर मला बाजूला उभं करा, काकू, मान नको मला. मी आहेच." रादोयकाने त्याच्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला. वऱ्हाडातला दुसरा मान बोयानला, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळच्या बसने कुणी आलं नाही. रादोयका अंगणात आचारणींबरोबर होती, हंड्यांत कोबीचे थर लावत. दुपारची बस गेली तेव्हा ती रस्त्याकडे बघत नव्हती, म्हणजे बघत नाही असं दाखवत होती. चार वाजता दुकानवाली धापा टाकत आली.

"एक मुलगी उतरली! बॅग घेऊन. मी म्हटलं कुठे जायचं, तर बोलली नाही, सरळ वर चढायला लागली गाव्रिचांच्या गल्लीने. रादोयका, अगं, ती खांद्यांवरून..."

"माहीत आहे," रादोयका म्हणाली आणि हंड्यावरचं झाकण नीट बसवलं. एक आचारीण तिला म्हणाली, जाऊन ये ना बघून. ती गेली नाही. तिथे तिचं काही काम नव्हतं, तिथे त्या दोघांचंच काम होतं.

रविवारी वऱ्हाड रिवाजाप्रमाणे आधी गाव्रिचांकडे गेलं, तुताऱ्या वाजवत. म्हातारा काळ्या कोटात, दाढी करताना दोन ठिकाणी कापलेला. नेवेना निळ्या झग्यात त्याच्या शेजारी. काय बोलले होते रात्रभर ते कुणी विचारलं नाही, पण दोघांचे आवाज बसलेले होते. चर्चमध्ये ती उरोश आणि दुन्याच्या मागे मेणबत्ती घेऊन उभी राहिली. मेण हातावर ओघळलं तरी तिने हात हलवला नाही. तिहोमिर भिंतीशी टेकून दीड तास उभा होता. खुर्ची बोयानने दोनदा आणली आणि त्याने दोनदा परत पाठवली.

बाहेर आल्यावर गावातली पोरं जमलेलीच होती. लग्न लागलं की पोरं कूमला घेरतात आणि त्याची थैली पेटली म्हणून ओरडतात. मग कूमने नाणी उधळायची. ज्याने उधळली नाहीत त्याला गाव दहा वर्षं कंजूष म्हणतं.

"कूम, थैली पेटली! कूम, थैली पेटली!"

तिहोमिर आवाजासरशी वळला. काठी काखेत गेली, हात कोटाच्या खिशात गेला, चेहऱ्यावर हसू आलं. तीस वर्षं ती हाक त्याला होती, त्याच्यानंतर झोरानला होती. रादोयका त्याच्या जवळच होती, तिने ते बघितलं. मूठभर नाणी घेऊन त्याचा हात वर आला आणि तसाच थांबला. त्याच्याभोवती एकही पोर नव्हतं. ती सगळी पायऱ्यांवर नेवेनाभोवती नाचत होती, तिच्या झग्याला लोंबत होती, आणि तिला बिचारीला काय करायचं ते कळत नव्हतं. ती रिकामे हात पुढे करून हसत, घाबरत उभी होती.

म्हातारा क्षणभर उभा राहिला. मग पोरांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेला आणि मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली. मग दुसरा खिसा.

"वर फेक," तो म्हणाला. "जोरात. मोजू नकोस. कंजूष म्हणतील आपल्याला."

तिने फेकली. पोरं किंचाळत नाण्यांवर तुटून पडली. तिहोमिरने एकदा वर, उडालेल्या नाण्यांकडे बघितलं. मग तो एक पाऊल मागे आला, आणखी एक, आणि रादोयकाच्या शेजारी, वऱ्हाडातल्या बाकीच्या लोकांत येऊन उभा राहिला.